कमांडचा पत्ता : बिन, एसबिन आणि यूएसआर



आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. निवृत्तीनंतर आम्ही काही जण मिळून माजी सैनिकांच्या कुटुंबांना पेन्शनच्या कागदपत्रांसाठी मदत करतो. डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, लग्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून एका जुन्या डेस्कटॉपवर ठेवायचं, अशी पद्धत. त्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आहे. रोज रात्री दोन वाजता सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली आणि क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या यंत्रणेला, लावून दिली.

स्क्रिप्टमध्ये पहिलं काम होतं बाहेरची डिस्क जोडलेली आहे का हे तपासायचं. त्यासाठी बीएलकेआयडी नावाची कमांड वापरली. डिस्क सापडली तर बॅकअप घे, नाही सापडली तर गुपचूप थांब. मी रूट म्हणून लॉगिन करून स्क्रिप्ट हाताने चालवली. व्यवस्थित चालली. मी निश्चिंत झालो.

चार महिन्यांनी आतली डिस्क गेली. बॅकअपची डिस्क लावून पाहिलं, तर त्यावरची शेवटची तारीख मी हाताने चालवलेल्या त्याच दिवसाची. चार महिन्यांत एकाही रात्री बॅकअप झाला नव्हता. मूळ कागद लोकांकडे होते, म्हणून निभावलं. पण ज्या आजी दोन बस बदलून एकदा येऊन गेल्या होत्या, त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. तो फोन करताना मला काय वाटलं ते सांगत नाही.

कारण काय निघालं? डिस्क चांगली होती, केबल चांगली होती, स्क्रिप्टही चुकलेली नव्हती. बीएलकेआयडी ही कमांड ‘एसबिन’ नावाच्या डिरेक्टरीत राहते, आणि क्रॉन त्या डिरेक्टरीत बघतच नाही. त्याला कमांड सापडली नाही, स्क्रिप्टने त्याचा अर्थ ‘डिस्क जोडलेली नाही’ असा घेतला, आणि रोज रात्री शांतपणे थांबली.

तेव्हा आजचा विषय हाच. युनिक्स आणि लिनक्समध्ये कमांड वेगवेगळ्या डिरेक्टरींत का विखुरलेल्या असतात, कोणती कुठे असावी, आणि आपण लिहिलेली कुठे ठेवावी.

एक सूचना. या पुस्तकात आपण पत्ते देवनागरीत लिहितो. /बिन म्हणजे बी-आय-एन, /एसबिन म्हणजे त्याच्या आधी एस, /यूएसआर म्हणजे यू-एस-आर. कीबोर्डवर अर्थातच छोटी रोमन अक्षरं टाइप करायची.

कमांड सापडते कशी

तुम्ही टर्मिनलवर ‘एलएस’ टाइप करता तेव्हा शेल संपूर्ण डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे ‘पाथ’ नावाची एक यादी असते. त्या यादीत काही डिरेक्टरींची नावं ओळीने लिहिलेली असतात. शेल पहिल्या डिरेक्टरीत बघतो, तिथे नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. यादी संपली की ‘कमांड सापडली नाही’ असं सांगून मोकळा होतो. डिस्कवर कमांड असेलही, पण यादीत तिची डिरेक्टरी नसेल तर शेलच्या दृष्टीने ती नाहीच.

आता ही यादी सगळ्यांची सारखी नसते. डेबियनवर रूटच्या यादीत एसबिन असते, साध्या वापरकर्त्याच्या यादीत नसते. उबुंटूवर दोघांच्याही यादीत असते. सुडो स्वतःची वेगळी यादी वापरतो, तिच्यात एसबिन असते. आणि क्रॉनकडे सहसा फक्त दोन नावं असतात : /यूएसआर/बिन आणि /बिन. रूटचं काम असलं तरी एवढीच. माझा घात इथे झाला. हाताने चालवताना माझी यादी लांब होती, रात्री दोन वाजता क्रॉनची यादी आखूड होती.

वाटणी कशी झाली

हे सगळं एकाच डिरेक्टरीत का नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १९७० च्या आसपासच्या बेल लॅब्जमध्ये आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची तिथे युनिक्स उभी करत होते. त्या काळच्या डिस्का एक-दोन मेगाबाइटच्या घरातल्या. आज मोबाइलमधला एक फोटो त्यात मावणार नाही. मूळ डिस्कवर सिस्टिम, आणि दुसऱ्या डिस्कवर वापरणाऱ्यांच्या फाइली, अशी सोय होती. ही दुसरी डिस्क ज्या नावाखाली जोडली जायची ते नाव /यूएसआर, म्हणजे ‘युजर’चं आखूड रूप. थॉम्पसन यांचं घर /यूएसआर/केन, रिची यांचं /यूएसआर/डीएमआर. पुढे काही लोकांनी या अक्षरांचा ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा भारदस्त विस्तार केला. तो मागाहून जुळवलेला आहे.

सिस्टिम वाढत गेली आणि पहिल्या डिस्कवर मावेना. मग जास्तीच्या कमांड शेजारच्या डिस्कवर सरकवल्या. /बिन तिकडे भरली होती, म्हणून इकडे /यूएसआर/बिन उघडली. /लिब भरली, म्हणून /यूएसआर/लिब. म्हणजे ही विभागणी जागेच्या टंचाईतून झाली. घरात कपाट भरलं की आपण शेजारच्या खोलीत दुसरं ठेवतो, तसं.

पण त्यातून एक खरा नियम तयार झाला. मशीन सुरू होताना फक्त पहिली डिस्क हाताशी असते. दुसरी जोडण्यासाठी ‘माउंट’ ही कमांड लागते. आता माउंट जर दुसऱ्या डिस्कवरच ठेवली, तर? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखं होईल. म्हणून ठरलं की मशीन उभी करायला, डिस्क जोडायला आणि बिघडली तर दुरुस्त करायला जे लागतं ते /बिनमध्ये राहील. बाकी सगळं /यूएसआर/बिनमध्ये.

पुढे १९८० च्या दशकात नेटवर्क आलं आणि या विभागणीला दुसरं कारण मिळालं. एकाच सर्व्हरवरची /यूएसआर अनेक मशीन मिळून वापरू लागल्या, केवळ वाचण्यापुरती. प्रत्येकाची स्वतःची छोटी मूळ डिस्क, आणि मोठा साठा सामाईक.

एसबिनमध्ये कोण राहतं

एसबिन या मानाने नवी. आधी डिस्क तपासणं, सिस्टिम सुरू करणं अशा प्रशासकीय कमांड चक्क /ईटीसीमध्ये असत. आज तिथे फक्त सेटिंगच्या फाइली असाव्यात अशी शिस्त आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटाकडे या कमांड तिथून उचलून /एसबिनमध्ये आणल्या गेल्या. यातला एस म्हणजे ‘सिस्टिम’.

कोणी कुठे राहावं याचा लेखी नियम लिनक्सजगतात १९९४ मध्ये आला. त्याचं पुढचं रूप म्हणजे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड. त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ ची आहे. त्यानुसार पाहणी करू.

/बिनमध्ये : एलएस, सीपी, एमव्ही, कॅट, माउंट, पीएस, शेल स्वतः. सगळ्यांना लागणारी आणि अडीअडचणीतही लागणारी.

/एसबिनमध्ये : एफएससीके, एमकेएफएस, एफडिस्क, शटडाउन, रीबूट. मुख्यतः प्रशासकाला लागणारी.

/यूएसआर/बिनमध्ये : रोजच्या वापरातल्या बाकी बहुतेक सगळ्या. संपादक, कंपायलर, ब्राउझर.

/यूएसआर/एसबिनमध्ये : प्रशासकाच्या, पण मशीन उभी करायला लागत नाहीत अशा. उदाहरणार्थ नवा वापरकर्ता तयार करणारी युजरअ‍ॅड.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. मलाही होता. एसबिन म्हणजे कुलूपबंद खोली, साध्या वापरकर्त्याला बंदी. असं नाही. त्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की ही विभागणी सुरक्षिततेसाठी केलेली नाही. डेबियनवर साधा वापरकर्ता म्हणून ‘आयएफकॉन्फिग’ टाइप करा. ती कमांड मशीनवर असली तरी ‘सापडली नाही’ असं उत्तर येईल. आता पूर्ण पत्ता देऊन /एसबिन/आयएफकॉन्फिग टाइप करा. मुकाट्याने चालेल, नेटवर्कचा पत्ता दाखवेल. तुम्हाला कुणी अडवलेलं नव्हतं. तुमच्या यादीत ती गल्ली नव्हती, एवढंच. खरी सुरक्षा परवानग्यांनी होते. डिस्क फॉरमॅट करायला गेलात तर तिथे कर्नल अडवतो, कमांड कुठेही असो.

स्टँडर्डची कसोटी साधी आहे. साधा वापरकर्ता ही कमांड कधीतरी स्वतः चालवेल का? उत्तर हो असेल तर ती बिनमध्ये. त्यातलंच उदाहरण ‘पिंग’चं आहे. नेटवर्क बिघडलं की प्रशासकाला ती लागतेच, पण सामान्य माणूसही वापरतो. म्हणून बिन.

ऐकायला छान. पण प्रत्यक्षात ही रेघ कुठे ओढायची यावर प्रत्येक डिस्ट्रिब्युशनचं मत वेगळं पडलं. एकीकडे बिनमध्ये असलेली कमांड दुसरीकडे एसबिनमध्ये. त्याचा त्रास स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना.

भिंती पडू लागल्या

मधल्या काळात मूळ कारणंच गेली. डिस्क मोठ्या झाल्या. मशीन सुरू होताना कर्नल आता आधी मेमरीत एक छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम उघडतो. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. खरी डिस्क शोधून जोडण्याची हत्यारं तिच्यातच असतात. म्हणजे किल्ली ठेवायला कपाटाबाहेर वेगळी जागा झाली. आणि सगळंच बिघडलं तर आपण पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करतो.

शिवाय विभागणी नावापुरतीच उरली होती. सुरुवातीला लागणाऱ्या अनेक गोष्टी /यूएसआरमधल्या लायब्ररींवर अवलंबून झाल्या होत्या. /यूएसआर वेगळ्या डिस्कवर ठेवून मशीन नीट सुरू होईल याची खात्री देता येत नव्हती.

म्हणून २०१२ मध्ये फेडोरा १७ ने धाडस केलं. /बिनमधलं सगळं /यूएसआर/बिनमध्ये हलवलं, /एसबिनमधलं /यूएसआर/एसबिनमध्ये, आणि जुन्या जागी सिमलिंक ठेवल्या. सिमलिंक म्हणजे दारावरची पाटी : ‘कार्यालय हलले आहे, नव्या इमारतीत जावे.’ त्यामुळे जुने पत्ते असलेल्या स्क्रिप्टही चालत राहिल्या. आर्च लिनक्सने २०१३ मध्ये आणखी पुढे जाऊन एसबिनही बिनमध्येच मिसळली. फेडोराने तेच पाऊल २०२५ मध्ये, फेडोरा ४२ मध्ये उचललं. गंमत बघा, माझी चूक फेडोरा ४२ वर झालीच नसती. तिथे बीएलकेआयडी बिनमध्येच असते.

डेबियनने वेळ घेतला. २०१९ च्या डेबियन १० पासून नवीन इन्स्टॉलेशन एकत्रित होऊ लागली, आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती सर्वांना बंधनकारक झाली. आपली सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवरच उभी आहे, म्हणून ती वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डेबियनने /एसबिन ही /यूएसआर/एसबिनमध्ये नेली, पण बिन आणि एसबिन वेगळ्याच ठेवल्या. म्हणून क्रॉनचा खड्डा तिथे अजून आहे.

इतका वेळ का लागला, हे समजून घेण्यासारखं आहे. डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेज सांभाळणारा प्रोग्राम, आपल्या वहीत प्रत्येक फाइलचा पत्ता लिहून ठेवतो. वहीत ‘/बिन’ लिहिलेलं आणि वस्तू प्रत्यक्षात /यूएसआर/बिनमध्ये. एकच फाइल, दोन पत्ते. एखादी फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्या पॅकेजमध्ये आणि त्याच वेळी एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेली, तर जुनं पॅकेज आवरताना नवीन आलेली फाइलच पुसली जाण्याचा धोका होता. युनिटच्या स्टोअरमध्ये ज्यांनी लेजर सांभाळलं आहे त्यांना हे लगेच कळेल. वस्तू हलवणं सोपं असतं, नोंद हलवणं अवघड.

जी भिंत राहिली पाहिजे

आता मुद्द्याचं बोलतो. डिस्कच्या टंचाईने उभी राहिलेली भिंत पडली. प्रशासक आणि सामान्य यांच्यातली भिंतही पडते आहे. पण एक भिंत अजून मजबूत आहे आणि ती तशीच राहायला हवी. ही वस्तू कुणाच्या चार्जवर आहे, ही ती भिंत. फौजेत स्टोअरमधली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी चार्जवर असते. त्याच्या सहीशिवाय ती हलत नाही, आणि हरवली तर जबाब त्यालाच द्यावा लागतो.

/यूएसआर/बिन आणि /यूएसआर/एसबिन या पॅकेज मॅनेजरच्या चार्जवर आहेत. तिथे तुम्ही स्वतःची फाइल ठेवली तर ती बेवारस ठरते. उद्या त्याच नावाची फाइल घेऊन एखादं पॅकेज आलं, तर डीपीकेजी न विचारता तुमची फाइल पुसून स्वतःची ठेवेल. त्याच्या वहीत तुमची नोंदच नाही. आणि मशीन नव्याने उभी करायची वेळ आली तर शेकडो कमांडमधून आपल्या चार कोणत्या, हे शोधत बसावं लागतं.

तुमच्या चार्जवरची जागा म्हणजे /यूएसआर/लोकल. डेबियनची पॅकेजेस तिथे आपल्या फाइली ठेवत नाहीत, असा त्यांचा लेखी नियम आहे. फ्रीबीएसडी तर याहून काटेकोर. मूळ सिस्टिम /बिन, /एसबिन, /यूएसआर/बिन यांत, आणि बाहेरून आलेलं झाडून सगळं /यूएसआर/लोकलमध्ये. म्हणून तिथे बॅश शेलसुद्धा /यूएसआर/लोकल/बिनमध्ये सापडतो, आणि पहिल्याच ओळीत ‘/बिन/बॅश’ असा पत्ता लिहिलेली लिनक्सची स्क्रिप्ट तिथे अडते. मॅकवर २०१५ पासून /बिन, /एसबिन आणि /यूएसआरमध्ये रूटलाही लिहू देत नाहीत. सूट आहे ती /यूएसआर/लोकलला. तिन्ही घरांचे रिवाज वेगळे, पण हद्द एकच : सिस्टिमचं सिस्टिमकडे, तुमचं तुमच्याकडे.

मग माझी कमांड कुठे ठेवू?

क्रमाने तीन प्रश्न विचारा.

पहिला : ही कुठून आली? पॅकेज मॅनेजरने आणली असेल तर जिथे आहे तिथे राहू द्या. हलवू नका, बदलू नका. एखाद्या कंपनीने स्वतःच्या लायब्ररींसकट गाठोडं दिलं असेल तर ते /ऑप्टमध्ये, त्याच्या नावाच्या डिरेक्टरीत.

दुसरा : तुम्हीच लिहिली किंवा स्वतः कंपाइल केली असेल, तर ती कोणासाठी? मशीनवरच्या सगळ्यांसाठी असेल तर /यूएसआर/लोकल/बिन. फक्त प्रशासकाच्या कामाची असेल तर /यूएसआर/लोकल/एसबिन. फक्त तुमच्या वापराची असेल तर तुमच्या होममधल्या डॉट लोकल/बिनमध्ये. त्यासाठी रूटची परवानगीही लागत नाही.

तिसरा : ही खरंच कमांड आहे का? सेटिंग असेल तर /ईटीसी. सतत बदलणारा डेटा, लॉग वगैरे असेल तर /व्हार. बिनमध्ये फक्त चालवायच्या गोष्टी.

नाव ठेवतानाही जपा. यादीत /यूएसआर/लोकल सहसा आधी येते, त्यामुळे सिस्टिमच्या कमांडचं नाव तुमच्या स्क्रिप्टला दिलंत तर तुमची आधी सापडेल आणि दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामचा घोटाळा होईल. उलटही होतं. नवशिके हमखास आपल्या पहिल्या प्रोग्रामला ‘टेस्ट’ नाव देतात. ती शेलच्या पोटातलीच कमांड आहे, त्यामुळे त्यांचा प्रोग्राम कधी चालतच नाही.

शंका आली तर तपासायची सोय आहे. ‘कमांड’, मग डॅश व्ही, मग नाव, असं टाइप केलं की शेलला ती कुठे सापडते ते कळतं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘डीपीकेजी’, डॅश मोठा एस आणि पूर्ण पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजच्या चार्जवर आहे ते कळतं. एकत्रित केलेल्या सिस्टिमवर काही वेळा जुना पत्ता देऊन विचारावं लागतं, कारण मघाशी सांगितलं तसं, वहीतली नोंद कधी कधी जुनीच असते.

आणखी एक. डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ टाइप करून रूट झालात तर यादी तुमची जुनीच राहते, आणि एसबिनमधल्या कमांड सापडत नाहीत. ‘एसयू’ नंतर जागा सोडून डॅश द्यायचा, म्हणजे रूटची स्वतःची यादी मिळते.

मी काय दुरुस्त केलं

चार गोष्टी केल्या. स्क्रिप्ट /यूएसआर/बिनमधून काढून /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये ठेवली. हो, मी ती तिथेच टाकली होती. क्रॉनच्या फाइलमध्ये सगळ्यात वर पाथची पूर्ण यादी लिहिली, एसबिनसकट. त्रुटीचा संदेश /डेव्ह/नलमध्ये फेकून देण्याची सवय सोडली. रोज रात्री क्रॉन ‘सापडली नाही’ असं ओरडत होता, त्याचं तोंड मीच बांधलं होतं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची : दर सोमवारी बॅकअपच्या डिस्कवरची एक फाइल उघडून बघतो.

तुम्हीही आज एक काम करा. तुमच्या क्रॉनमध्ये जी स्क्रिप्ट लावलेली असेल, तिच्यातली प्रत्येक कमांड कुठे राहते ते एकदा तपासा. एसबिनमधली एखादी निघाली, तर पूर्ण पत्ता लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. ते मी वेळेवर केलं असतं, तर त्या आजींची दुसरी खेप वाचली असती.

पुढच्या भागात परवानग्या बघू : कोणती फाइल कोण वाचू शकतो, कोण लिहू शकतो आणि कोण चालवू शकतो. तोपर्यंत, जय हिंद.